ठसका कुठं जातो?

मंडळी, तंबाखूवर लिहितोय म्हणून आधीच सांगून टाकतो, ही जाहिरात नव्हे. सिगारेट सोडून मला पंधरा वर्षं झाली आणि तंबाखूनं आपल्या भागातली किती माणसं नेली हे निपाणीच्या माणसाला दुसऱ्यानं सांगायची गरज नाही. पण गेल्या महिन्यात आयुष्यातला पहिला हवाना सिगार ओढला, आणि त्यातून मावशीनं असा एक प्रश्न विचारला की पुढचे तीन आठवडे मी पुस्तकांत डोकं खुपसून बसलो. ते लिहून काढतो. पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा.

माझा एक शाळासोबती मर्चंट नेव्हीत आहे. गेल्या सप्टेंबरात येताना दोन सिगार घेऊन आला. क्यूबाचे, पार्तागास कंपनीचे. आखूड, जाडजूड, लांबी १२४ मिलिमीटर आणि जाडी ५०. ही ५० म्हणजे काय, तर एका इंचाचे ६४ भाग करायचे, त्यातले ५०. मी लगेच माचिस शोधायला लागलो तर हा ओरडला, "अरे थांब! प्रवासातून आलाय तो. झोपू दे त्याला." मला वाटलं चेष्टा करतोय. पण त्यानं खरंच एक हवाबंद डबा काढला, आत ओलावा धरून ठेवणारी एक पुडी टाकली, ६५ टक्क्यांची, आणि म्हणाला, "मी पुढच्या सुट्टीला येईन तेव्हा ओढू. तोवर हात लावायचा नाही."

आठ महिने तो डबा माझ्या पुस्तकांच्या कपाटात, सूर्यप्रकाशापासून लांब पडून होता. मधूनमधून मी उघडून वास घ्यायचो. पहिल्यांदा घेतला तेव्हा नाकात झणका गेला. गोठ्यात सकाळी शिरल्यावर येतो तसा, डोळ्यांना लागणारा. तो अमोनिया. पानं आंबवताना तयार होतो आणि सिगार ताजा असेल तर थोडा आत अडकून राहतो. शिवाय वळताना पान ओलसर करावं लागतं, कोरडं पान मोडतं, म्हणून नव्या सिगारमध्ये पाणीही जास्त असतं. हवानाच्या कारखान्यांतसुद्धा वळून झालेले सिगार लगेच पेटीत भरत नाहीत. देवदारी लाकडाच्या कपाटांच्या खोलीत काही काळ ठेवतात, त्या खोलीला एस्कापाराते म्हणतात. जादा ओल निघते, पानांचे वेगवेगळे वास एकमेकांत मिसळतात, ठसका निघून जातो. इंग्रजीवाले याला विश्रांती म्हणतात. आपल्याकडं त्याहून चांगला शब्द आहे, मुरणं. लोणचं मुरतं तसं.

मे महिन्यात मित्र आला. डबा उघडला तर वास पार बदललेला. गोठा गेला होता. नव्या लाकडी पेटीसारखा, थोडा काकवीसारखा, थोडा पहिल्या पावसाआधीच्या कोरड्या मातीसारखा वास.

आता ओढायचीही एक रीत असते, ती त्यानं शिकवली. आधी बोटांनी हलकेच दाबून बघायचं. कुठं दगडासारखं घट्ट लागलं तर तिथं हवा अडणार, कुठं पोकळ लागलं तर तिथं वेडंवाकडं जळणार. मग टोपी कापायची, जेमतेम दोन मिलिमीटर, जास्त कापली तर वरचं पान उसवतं. पेटवायच्या आधी नुसताच ओढून बघायचा. त्यात चव कळते आणि वाट मोकळी आहे का तेही कळतं. पेटवताना ज्योत चिकटवायची नाही, कडा शेकून घ्यायच्या. आणि धूर छातीत घ्यायचा नाही, तोंडात फिरवून सोडून द्यायचा. माझ्यासारख्या जुन्या सिगारेटवाल्याला हे जमायला चार-पाच झुरके गेले आणि त्यातला एक चुकून आत गेला. डोकं गरगरलं.

पहिला एक तृतीयांश मिऱ्यासारखा. जिभेच्या शेंड्यावर चरचर. मधला भाग मात्र खरंच वेगळा होता, भाजलेलं खोबरं, धने, चामड्याच्या जुन्या बॅगेचा वास, आणि मागं एक गोडसर काहीतरी रेंगाळणारं. राख करड्या रंगाची, घट्ट, इंचभर तशीच उभी राहिली. मित्र म्हणाला हे चांगल्या लांब पानाचं लक्षण, चुरा भरलेला असता तर राख झडली असती. एका बाजूनं जरा वाकडा जळला, तो दोष माझा, एप्रिलच्या उन्हात डबा दोनचारदा उगाच उघडला होता. शेवटचा तृतीयांश गरम आणि कडू. तिथं आम्ही सोडला. दहापैकी किती, असं त्यानं विचारलं. मी साडेसात म्हणालो. कशाशी तुलना करून, ते मलाही सांगता येणार नाही.

उरलेला दुसरा सिगार घेऊन मी संध्याकाळी मावशीकडं गेलो.

मावशी चौऱ्याहत्तरची. तिनं एकवीस वर्षं आपल्या गावातल्या एका तंबाखूच्या वखारीत काढली. कुठल्या ते लिहीत नाही. तंबाखू कुटायची, चाळायची, काड्या वेगळ्या करायच्या, पाणी मारायचं, ढीग लावायचे, ढीग उलथायचे. तिच्या हातात सिगार दिला. आधी हसली, "येवढी जाड बिडी?" मग तिनं जे केलं ते बघून माझा मित्र असता तर त्यानं नमस्कार केला असता. तिनं सिगार कानाजवळ नेऊन दोन बोटांत फिरवला, पानाचा आवाज ऐकला. नखानं कड चाचपली. नाकाशी नेऊन डोळे मिटले.

"मुरलाय. ठसका सगळा ग्येलाय. शेंड्याकडचं पान बी हाय ह्येच्यात, कडक. ढीग येळेवर मोडल्यात ह्येचं."

आणि मग सहज विचारावं तसं, "ढीग कुणी मोडलं रं? तिकडं बी बायकाच असत्यात का?"

मला उत्तर येत नव्हतं. मी चव सांगू शकत होतो, लांबी-जाडी सांगू शकत होतो, पण हे नाही.

तर आता क्यूबा. तंबाखू तिथल्या मूळ लोकांचीच. १४९२ साली कोलंबसाच्या माणसांनी बेटावर पहिल्यांदा माणसांना पानांच्या गुंडाळ्या पेटवून धूर घेताना पाहिलं. पुढं स्पेननं ते पीक ताब्यात घेतलं. १७१७ साली राजानं तंबाखूची खरेदी सरकारी मक्तेदारीत घेतली, म्हणजे शेतकऱ्यानं माल सरकारलाच विकायचा, सरकार ठरवेल त्या भावानं. शेतकरी उठले. हत्यारं घेऊन हवानावर चालून आले, गव्हर्नरला बेट सोडावं लागलं. १७२० ला पुन्हा उठले. १७२३ ला तिसऱ्यांदा उठले तेव्हा सरकारनं पकडलेल्या शेतकऱ्यांना मारून त्यांची प्रेतं हवानाजवळ हेसुस देल मोंते इथं रस्त्याकडेला टांगली. ती मक्तेदारी जायला १८१७ साल उजाडावं लागलं.

हे वाचताना आपल्या माणसाला काय आठवणार? १९८१ चा मार्च-एप्रिल. शरद जोशी, तंबाखूचा भाव, पुणे-बेंगळुरू रस्त्यावर बैलगाड्या घेऊन आठवडेच्या आठवडे बसलेले शेतकरी, रस्त्यावरच शिजणाऱ्या भाकऱ्या, आणि ६ एप्रिलचा गोळीबार. निपाणीत त्यावर वेगळं सांगायला नको. मी फक्त एवढंच म्हणतो की तंबाखूच्या भावासाठी रस्त्यावर मरणारे आपण पहिले नव्हतो.

पण मावशीचा प्रश्न शेतकऱ्याचा नव्हता, वखारीचा होता.

सिगारच्या इतिहासात सगळ्यात जास्त लिहिलं गेलंय ते वळणाऱ्यांवर. आणि ती गोष्ट आहेच तशी. १८६५ साली हवानातल्या एल फिगारो कारखान्यात एक पद्धत सुरू झाली. शेकडो माणसं ओळीनं बाकांवर बसून सिगार वळताहेत, हात चालू पण डोकं रिकामं. मग त्यांच्यातल्याच एकानं मोठ्यानं वाचायचं. त्याची त्या दिवसाची मजुरी बाकीच्यांनी आपल्या खिशातून भरायची. मालकाचा एक पैसा नाही. पुढच्याच वर्षी, १८६६ मध्ये, मी ओढला त्याच पार्तागासच्या कारखान्यात वाचन सुरू झालं. कामगारांचं 'ला अरोरा' नावाचं वर्तमानपत्र होतं, संपादक स्वतः सिगार वळणारा, सातुर्निनो मार्तिनेस. सकाळी बातम्या, दुपारी कादंबरी. आवडलं की कामगार पान कापायचं चपटं पातं फळीवर ठोकायचे, त्या काळची टाळी ती. काय वाचायचं हे मत देऊन ठरायचं. ड्युमाची 'काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो' इतकी आवडती की १९३५ ला निघालेल्या सिगारला तेच नाव मिळालं.

स्पेनचं सरकार घाबरलं. १८६६ च्या मे महिन्यातच वाचनावर बंदी आली. ऐकणारा कामगार विचारायला लागतो, हे त्यांना चार महिन्यांत कळलं. दहा वर्षांचं युद्ध झाल्यावर वाचक परत आले. क्यूबातून फ्लोरिडात गेलेल्या कामगारांनी ही रीत सोबत नेली, की वेस्टला, टॅम्पाला. होसे मार्ती स्वातंत्र्ययुद्धासाठी पैसे आणि माणसं जमवायला याच कारखान्यांत भाषणं द्यायचा. १८९५ च्या उठावाचा हुकूम एका सिगारमध्ये वळून हवानाला पोचवला, असं सांगतात. टॅम्पाच्या मालकांनी १९३१ ला वाचक काढून टाकले, कामगारांनी संप केला, वाचकाच्या मंचावर रेडिओ आला. अमेरिकेतल्या कामगार चळवळीचा मोठा पुढारी सॅम्युएल गॉम्पर्स हाही न्यूयॉर्कमध्ये सिगार वळणारा होता, आणि त्याच्या कारखान्यातही एकजण वाचायचा, बाकीचे त्याच्या वाट्याचे सिगार वळून द्यायचे.

(कम्युनिझम आणि केनेडी हा भाग पटकन उरकतो, कारण तो सगळीकडं आहे. १९६० ला कास्त्रो सरकारनं कारखाने ताब्यात घेतले. फेब्रुवारी १९६२ ला केनेडींनी क्यूबाच्या मालावर बंदी घातली. सही करायच्या आधी त्यांच्या माध्यम सचिवानं साहेबांसाठी बाराशे सिगार जमवले होते, हे त्यानंच नंतर लिहिलंय. पुढाऱ्यांची तत्त्वं आणि पुढाऱ्यांचा साठा, जगभर सारखंच.)

मग मावशीचं उत्तर कुठं आहे? ते वळण्याच्या आधीच्या खोलीत आहे.

तोडलेलं पान आधी माचणावर टांगून वाळवतात. मग त्याचे ढीग लावतात, त्याला पिलोन म्हणतात. ढिगाच्या पोटात पान तापतं, चाळीस अंशांच्या आसपास जातं. जास्त तापलं तर माल जळतो, म्हणून ढीग मोडायचा, आतलं बाहेर, बाहेरचं आत करून पुन्हा रचायचा. मावशीनं बोटांनी ओळखलं ते हेच. या तापातून पानाचा कच्चेपणा जातो आणि अमोनिया बाहेर पडतो. मग पान ओलवून मधली शीर ओढून काढायची, रंग, जाडी, पोत बघून निवडायचं. खालच्या पानाला वोलादो म्हणतात, ते नीट जळतं. मधलं सेको, त्याला वास. शेंड्याचं लिहेरो, सगळ्यात कडक. ही तीन कुठल्या मापात भरायची त्यावर सिगारची सगळी चव.

ढिगात जायच्या आधी आणि ढिगातून निघाल्यावर पान ज्यांच्या हातात जातं त्या मुख्यतः बायका. शीर काढणाऱ्यांना देस्पालिल्यादोरास म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून हे काम बायकांचं झालं आणि मजुरी वळणाऱ्या पुरुषांपेक्षा कितीतरी कमी राहिली. बसून काम, मांडीवर पानांची चवड, ओलसर पानांचा वास दिवसभर अंगाला. यावरूनच जगभर ती घाणेरडी दंतकथा पसरली की क्यूबातल्या पोरी मांडीवर सिगार वळतात. सिगार मांडीवर कुणी वळत नाही, त्याला फळी लागते. मांडीवर असायची ती शीर काढलेल्या पानांची चवड. बाईचं काम कुणी बघितलं नाही, मांडी तेवढी बघितली.

वळायच्या बाकावर बायका मोठ्या संख्येनं बसल्या त्या क्रांतीनंतर. कोहिबा हा सगळ्यात महागडा ब्रँड सुरुवातीला कास्त्रोसाठी आणि पाहुण्यांना भेट द्यायला निघाला, १९६६ मध्ये. हवानातल्या एल लागितो नावाच्या हवेलीत तो तयार व्हायचा आणि तिथं मुद्दाम बायकांना वळायला शिकवून घेतलं होतं.

आणि योगायोग बघा. त्याच १९६६ साली आपल्या संसदेनं एक कायदा केला, त्याचं नाव 'बिडी आणि सिगार कामगार (सेवाशर्ती) कायदा'. वाचलाय कधी? मी आत्ता वाचला. त्यात हवा खेळती ठेवण्याचं कलम आहे. धूळ, वाफ किंवा आरोग्याला अपायकारक काही कामाच्या जागी उठत असेल तर ते कामगाराच्या नाकात जाऊ नये अशी तजवीज मालकानं करायची. २०२० च्या नव्या श्रमसंहितेत हा कायदा विलीन झाला. म्हणजे जन्मला आणि गेला, आणि मावशीच्या वखारीला खिडकी दोनच होत्या. त्याही वाऱ्यानं माल उडतो म्हणून बंद.

आता ठसक्याचं बोलू. सिगार मुरला की ठसका जातो असं आम्ही सगळे म्हणतो, त्यासाठी आठ महिने थांबतो, पुड्या विकत घेतो. पण तो जातो कुठं? माझ्या कपाटात आला तो शेवटचा, चिमूटभर. खरा ठसका आधीच गेलेला असतो, ढीग मोडताना, चाळताना, निवडताना. तो हवेत जातो. आणि त्या हवेत कुणीतरी बसलेलं असतं. आमच्या जिभेवर जो गुळगुळीतपणा आला, तो ज्या तिखटपणाचा वजा होऊन आला तो तिखटपणा नाहीसा झालेला नाही. मावशी आजही रात्री दोनला उठून बसते खोकत.

निपाणीच्या वखारीतल्या बायकांनी ऐंशीच्या सुमारास युनियन केली, मजुरीसाठी, कामाच्या तासांसाठी, अंगावर हात टाकणाऱ्या मुकादमांविरुद्ध. त्यावर दीपा धनराज यांच्या युगांतर गटानं १९८२ मध्ये त्याच बायकांना सोबत घेऊन फिल्म केली, 'तंबाखू चाकिला ऊब आली'. ढिगाला येणारी ऊब नावातच आहे. जिथं आग नाही, ज्वाळा नाही, पण हात घातला तर चटका बसतो. ही फिल्म परदेशातल्या महोत्सवांतून दाखवली जाते आणि आपल्या गावातल्या कितीजणांनी पाहिलीय, हात वर करा. मी स्वतः गेल्या आठवड्यात पाहिली. लाज वाटली.

मावशी त्या मोर्चात होती. एकवीस वर्षांच्या नोकरीचा तिच्याकडं कागद मात्र एकही नाही. हजेरीच्या वहीत नाव कधी लागायचं, कधी नाही. पेन्शनसाठी गेली तेव्हा सांगितलं, पुरावा आणा. पुरावा तिच्या छातीत आहे, पण तो खिडकीवर देता येत नाही. तुमच्या घरात अशी कुणी असेल तर जुने पगाराचे चिटोरे, युनियनच्या पावत्या, मोर्चाचे फोटो, काहीही असलं तरी टाकू नका. मला इनबॉक्समध्ये कळवा. पाच-दहा जणींचं मिळालं तरी एकत्र अर्ज करता येईल, एका वकील मित्राशी बोलून ठेवलंय.

परवा मावशीला उत्तर द्यायला गेलो. सांगितलं, हो, तिकडंही बायकाच. पान निवडायला, शिरा काढायला. मग वाचणाऱ्याची गोष्ट सांगितली, कामगार वर्गणी काढून कादंबरी ऐकायचे ती. मला वाटलं तिला गंमत वाटेल. ती म्हणाली, "आमच्यात कोण वाचणार? तोंडाला पदर बांधल्याला. बोलाय ग्येलं की खोकला. गाणं म्हणायचो पण, पदरातनंच."

कुठलं गाणं ते विचारलं. दोन ओळी म्हणाली, मग दम लागला. पुढच्या रविवारी मोबाईल घेऊन जाणार आहे, सकाळी, तेव्हा तिला जरा बरं असतं.

निघताना तिनं तो दुसरा सिगार परत माझ्या हातात दिला.

"ह्यो पावसाळ्यात उघडू नगं. बुरशी धरंल. दसरा झाल्यावर बघ."